मुलांना ‘डी’ची चघळायची गोळी देताय? आधी पाकिटावरचा आकडा वाचा

पोराचे पाय दुखतात, पोरगी लवकर दमते, उंची वाढत नाही अशी काही ना काही तक्रार प्रत्येक घरात असते. मग कोणीतरी सांगतं, ‘डी कमी असेल, गोळी चालू करा’. पालक मेडिकलमध्ये जातात आणि संत्र्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या चवीची चघळायची गोळी घेऊन येतात. मुलं आवडीने खातात, म्हणून घरातही कोणाला काळजी वाटत नाही.

अडचण अशी की या गोळ्या दिसायला जवळपास सारख्या असल्या तरी आत फार मोठा फरक असतो. एका गोळीत ४०० आययू असतं, तर दुसरीत ६०,०००. पहिली रोजची आहे. दुसरी डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा घ्यायची. ही दुसरी गोळी रोज दिली गेली तर मुलाला दवाखान्यात भरती करायची वेळ येऊ शकते. म्हणून कंपनी, चव आणि किंमत नंतर बघा, आधी आकडा वाचा.

‘डी’ कशासाठी लागतं?

ड जीवनसत्त्वाचं मुख्य काम म्हणजे खाल्लेल्या अन्नातला कॅल्शियम आतड्यातून रक्तात घेणं. ते कमी पडलं तर दूध, नाचणी खाऊनही कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही. वाढत्या वयात हाडं मऊ राहतात आणि वजनाने वाकतात. यालाच आपल्याकडे मुडदूस म्हणतात.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. ‘डी’ भरपूर दिलं, पण जेवणात कॅल्शियमच नाही, तर हाडं भरणार कशाने? आपल्याकडच्या मुडदुसात कॅल्शियम कमी असणं हेही मोठं कारण असतं. त्यामुळे नुसती गोळी चालू करून काम भागत नाही.

एवढं ऊन असताना कमतरता कशी?

हा प्रश्न सगळेच विचारतात. आपल्या भागात उन्हाला तोटा नाही, पण मुलाच्या अंगावर ऊन पडतं किती वेळ, हे बघायला हवं. सकाळी लवकर शाळा, दिवसभर वर्गात, संध्याकाळी ट्यूशन, मग मोबाईल. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात त्वचेला ‘डी’ बनवायला लागणारे किरण फार कमी असतात. साधी खूण लक्षात ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन ही ती वेळ. गडद रंगाच्या त्वचेला त्याच कामासाठी जास्त वेळ लागतो, आणि पूर्ण कपडे घातले असतील तर ऊन अंगाला लागतच नाही. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचाही उपयोग होत नाही, कारण हे किरण काच अडवते.

२०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांचं राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये ‘डी’ची कमतरता आढळली. म्हणजे प्रश्न खरा आहे आणि वयाबरोबर वाढतो. पण याचा दुसरा अर्थ असा की बहुतेक मुलांमध्ये एवढी कमतरता नव्हती. पाय दुखला की ‘डी’च कमी, हे धरून चालू नका.

रोज किती लागतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेली रोजची गरज अशी आहे. ऊन फारसं मिळत नाही, असं धरून हे आकडे काढलेले आहेत.

- जन्मापासून १ वर्षापर्यंत: ४०० आययू
- १ वर्षानंतर: ६०० आययू

आईच्या दुधात ‘डी’ फार कमी असतं. म्हणून तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब द्यावेत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. अंगावरचं दूध उत्तम, ते चालूच ठेवायचं. हे थेंब त्याच्या जोडीला.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज जास्तीत जास्त किती चालतं, याचीही मर्यादा आहे. १ ते ३ वर्षं २,५०० आययू, ४ ते ८ वर्षं ३,००० आययू आणि ९ वर्षांपुढे ४,००० आययू. ही मर्यादा आहे, एवढं द्यायचंच असं नाही. मुडदूस झालेल्या मुलाला डॉक्टर वर्षाच्या आत २,००० आणि त्यापुढे ३,००० आययू रोज, असे १२ आठवडे देतात. सोबत कॅल्शियमही असतो. पण तो उपचार झाला. तपासून, मुदत ठरवून दिलेला.

६०,००० म्हणजे नेमकं किती?

हिशेब करून बघा. मुलाला रोज ६०० आययू लागतं. म्हणजे ६०,००० च्या एका गोळीत १०० दिवसांचा साठा झाला. ही गोळी सलग दहा दिवस दिली तर ६ लाख आययू पोटात गेलं, म्हणजे पावणेतीन वर्षांचं.

ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ‘डी’चं तसं नाही. ते चरबीत साठतं आणि आठवडे-महिने शरीरात राहतं. रक्तातला कॅल्शियम वाढत जातो आणि त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो.

ही ताकद फक्त गोळीतच येते असं नाही. दुधात टाकायची पुडी आणि एका घोटात प्यायची छोटी बाटली, या दोन्ही प्रकारांतही ६०,००० असतं. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असं समजू नका. कित्येक औषधांच्या नावापुढे ‘६०के’ लिहिलेलं असतं. ‘के’ म्हणजे हजार. मोठ्या माणसासाठी आणलेली अशी गोळी घरात पडलेली असते आणि ‘डीचीच आहे की’ म्हणून मुलाला दिली जाते. हे करू नका.

डॉक्टरांनीच आठवड्याची गोळी लिहून दिली असेल तर वार पक्का करा. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरला तर विसरायला होत नाही. पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहा, ‘फक्त बाजाराच्या दिवशी’. एकूण किती आठवडे द्यायची तेही लिहून ठेवा आणि घरात आजी, काकू, जे कोणी औषध देतं, त्या सगळ्यांना सांगा. एकाने दिली ते दुसऱ्याला माहीत नसतं, म्हणूनही डोस दोनदा जातो. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम देऊ नका.

पाकीट कसं वाचायचं?

इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मेडिकलवाल्याला वाचायला सांगा. लाजायचं काही कारण नाही. बघायचं ते असं.

१. आकडा आणि एकक. ‘डी-३’ किंवा ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ या शब्दापुढचा आकडा बघा. तो कुठे आययूमध्ये, तर कुठे मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. म्हणजे १० मायक्रोग्रॅम झाले ४०० आययू आणि १५ मायक्रोग्रॅम झाले ६०० आययू. ‘१०’ हा आकडा छोटा दिसतो म्हणून दोन-तीन गोळ्या देऊ नका.

२. किती गोळ्यांमागे. समोर मोठ्या अक्षरात आकडा एक असतो आणि मागे बारीक अक्षरात ‘दोन गोळ्यांमागे’ असं असतं. एका गोळीत किती, हे विचारून घ्या.

३. औषध की पूरक आहार. औषध असेल तर पाकिटावर उत्पादन परवाना क्रमांक असतो. पूरक आहार म्हणून विकलं जात असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ असते. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ते पाकीट घेऊ नका. यात्रेत, बाजारात किंवा ऑनलाइन कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

४. कॅल्शियम किती. बऱ्याच गोळ्यांत ‘डी’बरोबर कॅल्शियमही असतो. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात खरा कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतो. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून ५०० मिलिग्रॅम लागतो, १० ते १२ वर्षांच्या मुलाला ८५०.

५. साखर. चघळायच्या गोळीत चवीसाठी साखर असते, जेलीसारख्या गमीमध्ये जास्तच. रोज दातांना चिकटणारी वस्तू देत असाल तर नंतर चूळ भरायला लावा.

६. शाकाहारी आहे का. माळकरी आणि जैन घरांतून हा प्रश्न हमखास येतो. बाजारातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणासारख्या पदार्थापासून बनतं. त्यासाठी जनावर मारावं लागत नाही, पण मूळ प्राण्याचंच. दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेलं डी-३ आणि डी-२ हाही प्रकार मिळतो. गमीमध्ये जिलेटिन असेल तर ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून आलेलं असतं. पूरक आहाराच्या पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण बघा. औषधाच्या पाकिटावर ही खूण असेलच असं नाही, तिथे विचारून घ्या.

७. मुदत. संपायची तारीख बघा. पट्टी फाटलेली, गोळी ओलसर किंवा रंग बदललेली असेल तर परत करा.

गोळी, थेंब की गमी?

चार वर्षांच्या आतल्या मुलाला चघळायची गोळी किंवा गमी न दिलेली बरी. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, मूल न चावता गिळायला बघतं आणि घशात अडकते. या वयाला थेंबच चांगले.

थेंब घेतानाही ताकद विचारा. काही बाटल्यांत १ मिलिलिटरला ४०० आययू असतं, काहींत ८००. त्याच बाटलीसोबत आलेला ड्रॉपर वापरा. दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर किंवा घरातला चमचा नको. ड्रॉपरने जास्त डोस जाण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच पालकांना सावध केलं होतं.

चार वर्षांपुढचं मूल नीट चावून खात असेल तर चघळायची गोळी सोयीची. बसवून, समोर उभं राहून खायला लावा. खेळताना, पळताना तोंडात नको. गमी उन्हाळ्यात वितळून एकमेकींना चिकटतात, मग एकाऐवजी दोन जातात. आपल्याकडच्या मे महिन्यात पट्टीतली सुटी गोळीच बरी.

आधी घरातली बेरीज करा

नवीन गोळी आणण्याआधी घरात आधीच काय चालू आहे ते ओट्यावर मांडा. कॅल्शियमच्या सिरपमध्ये ‘डी’ असतं, दुधात टाकायच्या पावडरमध्ये असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं. सगळ्यांतलं ‘डी’ मिळवा आणि मग ठरवा. कित्येकदा नवीन गोळीची गरजच नसते.

अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी व्हिटॅमिनचा डोस मिळतो, मग वेगळं कशाला, असंही काही पालक विचारतात. तो डोस ‘ए’चा, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा असतो, डोळ्यांसाठी. त्यात ‘डी’ची गरज भागत नाही. तो चुकवायचा नाही, पण दोन्हींची गल्लतही करायची नाही.

शाळेत लोहाची गोळी मिळत असेल तर कॅल्शियम असलेली गोळी त्याच वेळी देऊ नका. कॅल्शियममुळे लोह अंगी कमी लागतं. मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.

द्यायची कशी, ठेवायची कुठे?

‘डी’ तेला-तुपात विरघळणारं आहे. त्यामुळे उपाशीपोटी देण्यापेक्षा जेवणानंतर किंवा दुधाबरोबर दिलं तर अंगी चांगलं लागतं. रोज एकच वेळ ठरवा.

मुलांना ती ‘चॉकलेट’ म्हणून सांगू नका. चॉकलेट म्हटलं की मूल हात पुरेल तिथून डबा काढतं आणि सगळी पट्टी संपवतं. औषधाला औषधच म्हणा. डबा कपाटात वर, कुलपात ठेवा. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा न्हाणीच्या दमट कोनाड्यात नको.

या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको

- मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असलेली मुलं
- फिट्सची औषधं चालू असलेली मुलं
- क्षयरोगाची औषधं चालू असलेली मुलं
- यकृताचा किंवा सतत जुलाबाचा जुना आजार असलेली मुलं

फिट्सच्या आणि क्षयाच्या काही औषधांमुळे ‘डी’ लवकर खर्च होतं, म्हणून त्यांचा डोस वेगळा ठरतो. मूत्रपिंडाच्या आजारात तर साधी गोळीही महागात पडू शकते.

मुडदुसाची लक्षणं कोणती?

मूल उशिरा चालायला लागणं, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे बाहेर वाकणं किंवा गुडघे एकमेकांना घासणं, मनगटं जाड दिसणं, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी, टाळू वेळेत न भरणं, दात उशिरा येणं. तान्ह्या बाळाला झटके आले तर त्यामागे कॅल्शियम कमी होणं हेही कारण असू शकतं. तेव्हा घरी न थांबता लगेच दवाखाना गाठा.

अशा वेळी मेडिकलमधून गोळी आणून भागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांना तपासायला येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत मुडदूस आहे आणि पुढचा उपचार मोफत असतो. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना पथक कधी येणार ते विचारा. तोपर्यंत थांबणं शक्य नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. १२ आठवडे नीट उपचार घेऊनही फरक पडला नाही तर कारण वेगळं असू शकतं. मूत्रपिंडाचा किंवा अनुवंशिक मुडदूस नुसत्या ‘डी’ने बरा होत नाही.

मूल खेळतं-बागडतं, नीट वाढतं आहे, तर ‘डी’ची महागडी रक्ततपासणी उगाच करायची गरज नसते. ती कधी करायची हे डॉक्टर ठरवतील.

जास्त झालं तर कसं ओळखायचं?

भूक जाणं, उलट्या, पोट साफ न होणं, खूप तहान लागणं, सारखी लघवीला होणं, मूल मलूल पडणं, वजन उतरणं. ‘डी’ची गोळी चालू असलेल्या मुलात यातलं काही दिसलं तर गोळी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवा, पाकीट सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. किती दिवस, किती दिली ते लपवू नका. त्यावरच उपचार ठरतो. मुलाने एकदम बऱ्याच गोळ्या खाल्ल्या असतील तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

गोळीच्या आधी ताट आणि अंगण

रोज अर्धा-पाऊण तास मूल दहा ते तीनच्या दरम्यान मोकळ्यावर खेळू द्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत वर्गात डबा खाऊन मैदानावर पिटाळलं तरी बरंच काम होतं. कडक उन्हाळ्यात भर दुपार टाळा, दहा-साडेदहाचं ऊन पुरे. पाणी पाजा.

अन्नातून ‘डी’ थोडंच मिळतं. अंड्याचा बलक आणि मासे हे मुख्य. पिशवीच्या दुधावर ‘+एफ’ अशी निळी खूण असेल तर त्यात लिटरमागे २०० ते ३०० आययू घातलेलं असतं. घरच्या म्हशीच्या किंवा गवळ्याच्या दुधात ते घातलेलं नसतं, पण त्यातून कॅल्शियम मिळतोच. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतो. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, दही-ताक, शेवग्याचा पाला हे सगळं घरातलंच आहे.

मेडिकलमध्ये हे चार प्रश्न विचारा

१. या एका गोळीत ‘डी’ किती आययू?
२. ही रोजची की आठवड्याची?
३. माझ्या मुलाच्या वयाला चालते का?
४. किती दिवस द्यायची?

चारही उत्तरं पाकिटावरच लिहून घ्या. पहिलं उत्तर हजारात आलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घरी आणू नका.